बीपीसाठी ध्यान केलं तर चालतं का?

प्रश्न असा आला आहे: "वय 46, बँकेत नोकरी. दोन वर्षांपासून बीपीची गोळी चालू आहे. डॉक्टर म्हणाले ताण कमी करा, जमलं तर मेडिटेशन करा. म्हणून तीन महिने रोज सकाळी मोबाइलवर ॲप लावून 20 मिनिटं मांडी घालून बसते. मन एक मिनिटही थांबत नाही. गुडघे भरून येतात. गेल्या वर्षी वडील गेले, तेव्हापासून डोळे मिटून बसलं की बऱ्याचदा रडूच येतं. मोठ्या जाऊबाई म्हणतात, ध्यान मोक्षासाठी असतं, बीपीसाठी केलेलं फळत नाही. मामेभाऊ म्हणतो, ध्यान करतेस ना, मग गोळ्या सोड. ध्यानाचा शरीराशी, मनाशी आणि अध्यात्माशी नेमका संबंध काय? इगतपुरीला दहा दिवस जाऊन यावं का?"

ताई, गोळीचं आधी सांगतो, बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

गोळी सोडू नका. बसल्यावर शांत वाटलं म्हणजे रक्तदाब उतरला असं होत नाही. तो वाढलेला असतानाही बहुतेकांना काहीच जाणवत नाही आणि खरा धोका त्यातच आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2017 साली ध्यानावरचे अभ्यास तपासून मत दिलं होतं. हृदयविकाराचा धोका कमी करायला ध्यानाची मदत होऊ शकेल, पण नेहमीच्या उपचारांच्या जोडीने, असं ते सावध मत आहे. मामेभावाला सांगा की आकडे सलग खाली येऊ लागले तर डोस डॉक्टरच कमी करतील. माझ्याकडे ध्यान शिकायला येणाऱ्या काहींच्या बाबतीत तसं झालं, काहींच्या बाबतीत नाही झालं. ज्यांचा डोस तोच राहिला त्यांची साधना कच्ची होती असं मी कधीच म्हणणार नाही. रक्तदाबाला आनुवंशिकता असते, मूत्रपिंड असतं, मीठ असतं, वय असतं. हे सगळं ध्यानावर टाकणं ध्यानावरही अन्याय आणि माणसावरही.

मोजण्याबद्दल एक सूचना. ध्यानातून उठल्या उठल्या बीपी मोजू नका. तेव्हाचा आकडा बहुधा छान येतो आणि औषध ठरवायला त्याचा उपयोग नसतो. सकाळी गोळी घेण्याआधी, खुर्चीला पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा आणि मग मोजा. रोज त्याच वेळेला. वही डॉक्टरांकडे घेऊन जा.

आता जाऊबाईंचं म्हणणं. ते मला उडवून लावता येत नाही, कारण त्यात अर्धं सत्य आहे, आणि ते नीट समजलं तर तुमच्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच सापडतं.

इगतपुरीला जी विपश्यना ध्यानाची दहा दिवसांची शिबिरं होतात, ती सुरू करणारे सत्यनारायण गोयंका मंडालेचे, 1924 चा जन्म, ब्रह्मदेशात व्यापार करणारं मारवाडी कुटुंब. त्यांना अर्धशिशीचा भयंकर त्रास होता, मॉर्फीनची इंजेक्शनं घ्यावी लागत. परदेशातल्या डॉक्टरांपर्यंत जाऊन आले, गुण आला नाही. 1955 साली ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन हे गृहस्थाश्रमी आचार्य, ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल, म्हणजे तुमच्यासारखाच आकड्यांत दिवस घालवणारा माणूस. डोकेदुखीसाठी आलोय म्हटल्यावर त्यांनी गोयंकांना परत पाठवायचीच तयारी केली. डोकेदुखी बरी करायला ही विद्या वापरलीत तर तिची किंमत कमी कराल, मन निर्मळ करायला या, दुखणं त्या ओघात जाईल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. पुढे गोयंका शिबिराला बसले, अर्धशिशी गेली. 1969 साली ते भारतात आले, 1976 पासून इगतपुरीचं धम्मगिरी हे केंद्र सुरू झालं. स्वतःची ही गोष्ट ते प्रवचनांतून सांगत.

ऊ बा खिन यांना शरीराचं वावडं होतं, असा याचा अर्थ लागत नाही. ते तर डोक्यापासून पायापर्यंत शरीरावरच्या संवेदना पाहायलाच शिकवत. प्रश्न नजर कुठे ठेवायची याचा आहे. डोळे मिटून बसायचं आणि आतून दर दोन मिनिटांनी विचारायचं, "उतरला का? आता तरी उतरला का?" तर ही विचारणाच ताण आहे. खांदे वर जातात, श्वास आखूड होतो. झोप न येणारा माणूस घड्याळ बघत राहतो तसंच हे. तेवढ्यापुरतं जाऊबाईंचं बरोबर आहे. पण बीपीमुळे या वाटेला लागणं गैर आहे, असं कोणी म्हणत असेल तर त्यांना गीतेचा सातवा अध्याय दाखवा. भगवंताकडे वळणाऱ्या चार प्रकारच्या माणसांत पहिलं नाव "आर्त" माणसाचं आहे, दुखण्याने पिडलेल्याचं. आणि चौघांनाही तिथे "उदार" म्हटलं आहे. तुम्ही आर्त म्हणून आलात. उत्तम. आत आल्यावर बीपीचं यंत्र बाहेर ठेवा, एवढंच.

शरीर, मन, अध्यात्म हे तीन मजले आहेत, खालचा चढून झाला की वरचा, अशी आपल्याकडे एक समजूत फिरते. जुन्या ग्रंथांत मला तसं दिसत नाही. योगसूत्रांत पतंजलींनी योगातले अडथळे मोजले आहेत, नऊ. त्यातला पहिला व्याधी. संशय, आळस, चुकीचे आभास हे सगळे त्यानंतर. आणि हे अडथळे आले की सोबत काय येतं? दुःख, मनाची खिन्नता, अंगाचा कंप आणि बिघडलेला श्वासोच्छ्वास. खिन्नता आणि श्वास एकाच सूत्रात. पॅनिक अटॅक आलेला माणूस जवळून पाहिला असेल तर या चारही गोष्टी तुम्ही पाहिल्या आहेत. गीतेच्या सहाव्या अध्यायात तर ध्यान सांगता सांगता मध्येच खाण्याझोपण्याचा हिशेब येतो: फार खाणाऱ्याला योग नाही, अजिबात न खाणाऱ्यालाही नाही, फार झोपणाऱ्याला नाही, जागत राहणाऱ्यालाही नाही. तुम्ही झोपेबद्दल काही लिहिलेलं नाही. रात्री बारानंतर झोपून पाचला ध्यानासाठी उठत असाल तर माझा सल्ला सरळ आहे: आधी झोप. झोपेचं देणं थकवून ध्यानाला बसलं की माणूस एकतर पेंगतो नाहीतर चिडतो, आणि दोन्हींचा दोष ध्यानाला देतो.

श्वासाचा शरीराशी असलेला संबंध हाताने तपासता येतो. आत्ताच करून बघा. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला ठेवा आणि नाडी लागू द्या. मग सावकाश श्वास घ्या, आणि त्याहून सावकाश सोडा. घेताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना लांबतात. तरुणांत हे ठळक लागतं, वयाबरोबर पुसट होत जातं, पण चार-पाच श्वास लक्ष दिलं की बहुतेकांना सापडतं. मेंदूतून निघून मानेतून छाती-पोटाकडे जाणारी व्हेगस नावाची नस आहे. श्वास सोडताना तिचा हृदयावरचा लगाम घट्ट होतो, घेताना सैल पडतो. हृदयाला आपण "हळू चाल" असं सांगू शकत नाही. श्वासाला सांगू शकतो, आणि श्वासामार्फत निरोप तिकडे पोचतो.

याचा मला सर्वांत आवडणारा पुरावा इटलीतून आला आहे. पाविया इथल्या लुचियानो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली 23 निरोगी माणसांना एकदा लॅटिनमधली जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना म्हणायला लावली आणि एकदा "ॐ मणि पद्मे हुं" हा बौद्ध मंत्र. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला. रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या लहरी एका तालात आल्या, आणि मोठ्या रक्तवाहिन्यांतून दाबाची खबर घेऊन हृदयगती जुळवून घेणारी शरीराची यंत्रणा जास्त तत्पर झाली. दोन धर्म, दोन भाषा, श्वासाची लय एकच. आता आपल्याकडे संध्याकाळी हरिपाठ म्हणणाऱ्या एखाद्या आजींकडे बघा. चरण संपेपर्यंत श्वास बाहेर जात राहतो, मग एक छोटासा आत, की पुढचा चरण. त्या बीपीसाठी म्हणत नाहीत, पांडुरंगासाठी म्हणतात. पण पांडुरंगासाठी म्हटलेलं छातीतूनच निघतं आणि छातीला त्याचा फायदा होतोच. तुमचे वडील किंवा आजी पूर्वी काही म्हणत असतील, रामरक्षा, हरिपाठ, नुसतं नाम, तर ॲपमधल्या अनोळखी आवाजापेक्षा ते तुम्हाला जास्त आत नेईल. ॲप वाईट नाही. सुरुवातीला हात धरायला ठीक आहे. पण तीन महिन्यांनंतरही कोणीतरी कानात बोलत असेल तर स्वतःच्या मनाची गाठ कधी पडायची?

लोणावळ्याच्या स्वामी कुवलयानंदांचं नाव इथे घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. मूळचे जगन्नाथ गणेश गुणे. नर्मदाकाठच्या मालसरच्या परमहंस माधवदासजींचे शिष्य, आजन्म ब्रह्मचारी, आणि त्याच वेळी क्ष-किरण यंत्रासमोर उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रिया करणाऱ्यांना उभं करून आतडी कशी हलतात, पोटातला दाब किती होतो हे मोजणारा माणूस. 1924 साली त्यांनी कैवल्यधाम ही योगसंस्था काढली आणि त्याच वर्षी योगमीमांसा हे नियतकालिकही. मोजमाप केलं म्हणून त्यांची साधना उणावली नाही. अध्यात्मवाल्यांनी यंत्राला घाबरायचं कारण नाही हे आपल्या मातीत शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध झालं आहे.

आता गुडघे. ताई, मांडी घालून बसणं ही ध्यानाची अट नाही. पतंजलींची अट दोनच शब्दांची आहे, स्थिर आणि सुख. गुडघे ठणकत असताना यातलं एकही साधत नाही. बँकेत दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांचे मांड्यांचे स्नायू मागून आखडलेले असतात, कमरेचे सांधे उघडत नाहीत. मग जमिनीवर बसलं की कंबर मागे ढळते, पाठीला पोक येतो आणि गुडघे हवेत तरंगतात. बैठक सपाट ठेवू नका. घोंगडी किंवा दोन जाड चादरी घट्ट घडी करून चार-पाच बोटं उंच गठ्ठा करा आणि त्याच्या पुढच्या कडेवर बसा, पूर्ण आत सरकून नाही. बसायची दोन हाडं असतात, ती त्या कडेवर टेकली पाहिजेत. मग कंबर आपोआप पुढे कलते आणि गुडघे खाली येतात. तरीही अधांतरी राहिले तर दोन्ही गुडघ्यांखाली टॉवेलची गुंडाळी द्या, लोंबकळत ठेवू नका. पाय बधिर होतो तो बहुतेकदा नसेवर दाब आल्याने, त्यात सोसण्यासारखं पुण्य काही नाही. पाय बदला. चादरी लावूनही दुखलं तर सरळ लाकडी खुर्ची घ्या, पाठ टेकवू नका, तळवे पूर्ण जमिनीवर. पुण्याचे योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्च्या, तक्के, दोरखंड वापरून आजारी माणसांकडून आसनं करून घेतली. खुर्चीत बसल्याने कोणी कमी साधक होत नाही.

बसल्यावर काय करायचं तेही सांगतो. 20 मिनिटं सध्या जास्त आहेत, 12 पुरेत. पहिली पाच मिनिटं मनात चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, नाकानेच. रोखायचा अजिबात नाही. बीपी असताना कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, करू नका, जोरजोरात कपालभाती आणि भस्त्रिकाही नको. चार-सहा जड वाटलं, जीव घाबरला, तर तीन-चार करा. पाच मिनिटांनी मोजणं सोडून द्या, श्वासाला त्याच्या मर्जीने चालू द्या आणि नाकपुडीच्या कडेला वारा लागतो तिथे लक्ष ठेवा. आत येताना गार, बाहेर जाताना किंचित ऊन.

मन पळेल. ते पळणारच. "मन एक मिनिटही थांबत नाही" असं तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंत, पण ते पळतंय हे तुमच्या लक्षात येतंय! तीन महिन्यांपूर्वी हे दिसत तरी होतं का? मन घरच्या हप्त्यांवर गेलं, गेलेलं लक्षात आलं, नाकपुडीशी परत आलं, असं एक आवर्तन. 12 मिनिटांत अशी 40 आवर्तनं झाली तर 40 वेळा सराव झाला. परत येताना स्वतःला रागावू नका. "अगं बाई, पुन्हा गेलं" एवढंही नको. रागावून परत आणलेलं मन दुसऱ्या मिनिटाला पुन्हा जातं, शांतपणे आणलेलं जरा टिकतं. आमच्या वर्गात मी लोकांना कपाळ, जबडा आणि जीभ तपासायला सांगतो. परत येताना रागावलेल्या माणसाची जीभ टाळूला घट्ट चिकटलेली असते. ती सैल सोडली की मनाचाही पीळ थोडा सुटतो. एवढ्या बारीक जागी शरीर आणि मन हातात हात घालून असतात.

रडू येतं त्याबद्दल जरा थांबून लिहितो.

वडील गेले. मग दिवसकार्य, बँकेतली रजा संपली, वारसाची कागदपत्रं, आईला सांभाळणं. बहुधा तुम्ही उभ्याच राहिलात. दिवसभरात जिथे कोणी काही मागत नाही अशी ही 20 मिनिटंच मिळाली, आणि दुःखाने तीच जागा धरली. कोणी सांगेल की ही शुद्धी चालू आहे, कर्म बाहेर पडतंय. कोणी सांगेल ध्यान बिघडलं. दोन्ही लेबलं लावू नका. वडिलांसाठी रडू येतंय, तेवढंच पुरेसं आहे. येऊ द्या. ते येताना शरीरात कुठे उठतं ते पाहता आलं तर पाहा: घशात आवंढा, छातीच्या मध्यावर दडपण, डोळ्यांमागे ऊब. पाहणं जमलं नाही तर डोळे उघडा, तळवे जमिनीवर दाबा, खोलीतल्या पाच वस्तूंकडे नजर फिरवा. त्या दिवशी बसणं तिथेच संपवलंत तरी चालेल. आणि ध्यानाबाहेरही या दुःखाला जागा द्या, आईशी, भावंडांशी वडिलांबद्दल बोला. ध्यानाची सवय नात्यातल्या बोलण्याच्या जागी वापरणारी माणसं मी पाहिली आहेत. बाहेरून ती फार शांत दिसतात, आणि घरातल्यांना त्यांच्यापर्यंत पोचताच येत नाही.

मर्यादा मात्र स्पष्ट सांगतो. रडून तासाभरात हलकं वाटत असेल, कामं होत असतील, तर काळजी नाही. पण ध्यान सुरू केल्यापासून झोप उडाली, छातीत धडधड वाढत चालली, सगळं खोटं किंवा परकं वाटू लागलं, किंवा जगू नये असे विचार आले, तर ध्यान त्याच दिवशी बंद करा आणि मनोविकारतज्ज्ञांकडे जा. टेली मानस ही सरकारी सेवा आहे, 14416 वर फोन लागतो, मराठीत बोलता येतं. श्वासाकडे लक्ष दिल्यानेच काहींची घबराट वाढते, दम्याच्या रुग्णांत आणि जुन्या आघातातून गेलेल्यांत मी ते पाहिलं आहे. त्यांना डोळे उघडे ठेवून चालायला किंवा मोठ्याने नाम घ्यायला सांगावं. आणखी जोर लावून बसायला सांगणारा शिक्षक भेटला तर तिथून उठून या.

मग यात अध्यात्म कुठे आलं? जाऊबाईंचा प्रश्न अजून शिल्लक आहे.

तुमच्याच काउंटरवर या. पावणेचार वाजले आहेत, सर्व्हर बंद पडला आहे, आणि एक गृहस्थ मोठ्या आवाजात म्हणतात, "तुम्हाला काम करायलाच नको असतं." त्या क्षणी काय होतं? आधी कान तापतात. पोटात एक गोळा येतो, श्वास वरच्या वर अडकतो. ते शरीर. मग वाक्य उमटतं, "हा कोण मला बोलणारा?" ते मन. आणि त्या वाक्याच्या मुळाशी एक "मी" असतो, दुखावलेला, स्वतःला सिद्ध करायला उतावीळ. एरवी या तिन्ही गोष्टी इतक्या भरकन होतात की तोंडातून उत्तर गेल्यावरच कळतं. रोज सकाळी नाकपुडीपाशी 40 वेळा परत येणाऱ्या बाईला एखाद्या दिवशी कान तापलेले आधी कळतात. शब्द ओठांवर येण्याआधी. त्या अर्ध्या सेकंदात तिला दिसतं की राग म्हणजे आधी ही ऊब होती, हा गोळा होता, आणि त्यावर "माझा अपमान" हे मी चिकटवलं. ऊब येते आणि जाते. चिकटवलेला "मी" मात्र आपण घरी घेऊन जातो, रात्री जेवताना नवऱ्याला ऐकवतो, अंथरुणात पुन्हा उगाळतो.

ते चिकटवणं दिसायला लागणं, आणि दिसल्यावर जरासं सुटणं, याला मी अध्यात्म म्हणतो. संतांनी ज्याला अहंकार गळणं म्हटलं त्याची ही अगदी लहानशी, काउंटरवरची सुरुवात आहे. आणि बघा, त्याच अर्ध्या सेकंदात तुमच्या शरीरात एक उसळी टळते: ठोके वाढणं, रक्तवाहिन्या आवळणं, तासभर रेंगाळणारा ताण. म्हणजे जाऊबाईंना हवी असलेली गोष्ट आणि डॉक्टरांना हवी असलेली गोष्ट तिथे एकाच घटनेत घडली. यातलं एक बाजूला काढून दुसरं मिळवता येत नाही. ज्यांच्या देवघरात तास तास जातो आणि घरात कोणाला धड बोलता येत नाही, त्यांच्या साधनेबद्दल मला म्हणूनच शंका येते.

आणि शास्त्रीय पुराव्याला जेवढं वजन आहे तेवढंच द्यावं. जॉन कबाट-झिन यांनी 1979 साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला, तिथपासून या विषयावर खूप काम झालं आहे. 2014 साली जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी 47 चाचण्या, 3,515 माणसं एकत्र तपासली. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत थोडा फायदा होतो याचा मध्यम प्रतीचा पुरावा दिसला. औषधं किंवा व्यायामापेक्षा ध्यान सरस आहे असं मात्र दिसलं नाही. 2022 साली चिंताविकाराच्या रुग्णांवरच्या एका चाचणीत तो आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम एस्सिटॅलोप्रॅम या औषधाच्या तोडीचा ठरला. मला हे पुरेसं वाटतं. चमत्काराचे दावे करणाऱ्यांनी ध्यानाचं नुकसानच केलं आहे. तुम्हाला माझं सांगणं: 12 मिनिटं बसण्याबरोबर रोज अर्धा तास भरभर चाला आणि लोणचं-पापड कमी करा. चालण्याला ध्यानापेक्षा कमी लेखू नका, बीपीसाठी तर मुळीच नाही.

शेवटी इगतपुरी. जावं, पण यंदा नको, असं माझं मत आहे. तिथला दिवस पहाटे चारच्या घंटेने सुरू होतो. रोज साधारण दहा तास बसणं. दहाव्या दिवसापर्यंत आर्य मौन, म्हणजे बोलणं तर नाहीच, खाणाखुणाही नाहीत. मोबाइल, पुस्तक, वही जमा. सकाळी साडेसहाचा नाश्ता, अकराचं जेवण, आणि संध्याकाळी पाचला नव्या साधकांना चहा आणि फळं. पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास, चौथ्या दिवशी विपश्यना, आणि त्यानंतर रोज तीन वेळा तासभर न हलता बसण्याचं अधिष्ठान. शुल्क नाही. आधी शिबिर करून गेलेल्यांच्या दानावर ते चालतं. उत्तम व्यवस्था आहे, आणि मी अनेकांना आवर्जून पाठवतो. पण वडिलांना जाऊन वर्षच झालंय, बसलं की भरून येतं, बोलायला कोणी नाही आणि दहा दिवस, हे मला आत्ता तुमच्यासाठी जड वाटतं.

सहा महिने घरी 12 मिनिटांची 20 होऊ द्या. रडणं आपल्या गतीने ओसरू द्या. मग एखाद्या रविवारी आनापानाचं, म्हणजे फक्त श्वासावर लक्ष ठेवण्याचं, लहान सत्र मिळालं तर करून बघा, बसण्याचा अंदाज येईल. नंतर दहा दिवसांचा अर्ज करा. अर्जात आजार आणि औषधं विचारतात, तिथे बीपीच्या गोळीचं नाव आणि डोस लिहा, वडिलांच्या जाण्याचंही लिहा. लपवलंत तर तिथल्या आचार्यांना तुम्हाला मदत करता येणार नाही. गुडघ्यांमुळे खुर्ची लागेल हेही आधीच कळवा, मिळते. जाण्याआधी डॉक्टरांना भेटून संध्याकाळी नीट जेवण नसताना गोळी कधी घ्यायची ते विचारून घ्या, आणि पंधरा दिवस पुरतील एवढ्या गोळ्या बॅगेत ठेवा.